घराबाहेर काढलेलीं मुलें

पोटच्या मुलाला घराबाहेर काढण्याचा अधिकार बापाला आहे काय, हा प्रश्न आमच्या वाचकांस चमत्कारिक वाटेल. तो अधिकार कोणी तोंडानें मागत नाहीं. परंतु मुलगा समलिंगी आहे, किंवा मुलगा म्हणून वाढविलेलें अपत्य स्वतःस स्त्री मानतें, असें कळतांच सुशिक्षित घरांतूनहि तो बिनदिक्कत बजावला जातो. (शेजाऱ्यांस काय सांगावयाचें ही काळजी अशा वेळीं मुलाच्या काळजीहून पुष्कळदां मोठी ठरते.) सर्वोच्च न्यायालयानें 6 सप्टेंबर 2018 रोजीं समलिंगी संबंधांस गुन्ह्याच्या यादींतून वगळलें, माजघरांतलें न्यायालय मात्र आपला जुनाच निकाल देत बसलें आहे.

पारलिंगी व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाचा 2019 चा कायदा म्हणतो कीं, अशा व्यक्तीस आपल्या कुटुंबाच्या घरांत राहण्याचा हक्क आहे, तिला तेथून घालवून देतां येणार नाहीं. हेतु उत्तम. पण ज्या घरांत रोज मार बसतो, जेथें आई ताट वाढून तोंड फिरविते, तेथें राहण्याचा हक्क घेऊन त्या जिवानें करावें काय? माया हुकूमनाम्यानें वसूल होत नाहीं. म्हणून दुसरें छप्पर लागतें. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्यानें पारलिंगी व्यक्तींकरितां ‘गरिमा गृहें’ काढलीं, त्यांतील पहिलें नोव्हेंबर 2020 मध्यें बडोद्यास उघडलें. प्रत्येक गृहांत निदान 25 जणांची सोय असावी, आणि अन्नवस्त्राबरोबर औषधोपचार, कायद्याचा सल्ला व एखादें कसब शिकण्याची संधि मिळावी, अशी योजना आहे.

यावर ठरीव आक्षेप असा कीं, अशा गृहांमुळें मुलें आईबापांस जुमानणार नाहींत व कुटुंबें मोडतील. महाराष्ट्रास हा सूर ओळखीचा आहे. जोतीराव फुल्यांनीं 1863 मध्यें पुण्यास बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें, 1896 मध्यें कर्व्यांनीं विधवांसाठीं आश्रम काढला, तेव्हांहि सनातनी मंडळींस धर्म बुडाल्यासारखेंच वाटलें. वस्तुतः विधवेला घरानें आधीं टाकलें होतें. आश्रम नंतर आला. आजहि क्रम तोच आहे. दार आंतल्या हातानें लागतें.

आक्षेपाचा एक भाग मात्र आम्ही झटकून टाकीत नाहीं. सज्ञान मुलगी मैत्रिणीबरोबर निघून जाते, आईबाप न्यायालयांत धांव घेतात, आणि त्यांचे अश्रु खोटे नसतात. अशा प्रकरणांसाठीं सर्वोच्च न्यायालयानें मार्च 2024 मध्यें न्यायाधीशांस सांगितलें कीं, मुलीची इच्छा तिला एकांतांत विचारावी, आणि समुपदेशनाच्या नांवाखालीं तिचा कल बदलूं पाहूं नये. हें आम्हांस पटतें. ते आईबाप रडतात तें आपल्या कल्पनेंतल्या मुलीसाठीं. पुढें उभी असलेली मुलगी निराळी आहे, आणि रात्रीं झोपावयास जागा हवी आहे ती तिला.

गरिमा गृहांनीं सारा प्रश्न सुटला असें नव्हे. तीं पारलिंगी व्यक्तींसाठीं आहेत. समलिंगी म्हणून हाकललेल्या मुलाचें नांव त्या योजनेंत नाहीं. अनुदान वेळेवर न पोंचल्यानें भाडें थकल्याच्याहि बातम्या येऊन गेल्या. आणि गृहांतून बाहेर पडून, नोकरी धरून, भाड्याची खोली पाहावयास गेलेल्या मुलाला घरमालकाचा पहिला प्रश्न असतो तो, “आईवडील कोठें असतात?” हा घरमालक बहुधा आमच्या वाचकांपैकींच कोणी तरी असतो.