सामाईक मिळकत

स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झहून इटलीतील तिरानोला जाणारी, १९१० साली पूर्ण झालेली बर्निना रेल्वे, दातेरी रुळाचा आधार न घेता २,२५३ मीटर उंचीवरील ओस्पिझिओ बर्निना स्थानक गाठून जेव्हा ४२९ मीटरवरील तिरानोकडे सावकाश उतरू लागते, तेव्हा मंद गतीचे माहात्म्य प्रवाशाच्या अंतःकरणात आपोआप ठसते.

आमच्या प्रवासात याच मार्गावरील ब्रुझिओ येथे, ज्या वर्तुळाकार दगडी पुलावरून आली त्याच्याच कमानीखालून गाडी निघाली आणि वळणावर तिचे तांबडे डबे आमच्याच खिडकीतून दिसले, त्या क्षणी आम्ही चौघे मित्र हातातला पाव तसाच धरून निःशब्द झालो.

आज आम्ही एकत्र बसलो, की एकाला वाटेतल्या लागो बियांको सरोवराचे दुधाळ पाणी आठवते, दुसऱ्याला सूचिपर्णी झाडांचा गंध, तिसऱ्याला तो अर्धवट राहिलेला पाव. आणि प्रत्येकाच्या दफ्तरातील नोंद दुसऱ्याच्या नोंदीला जोडली जाते, तेव्हाच तो प्रवास संपूर्ण होतो. स्मृती ही अशी सामाईक मिळकत आहे. म्हणून आज एखाद्या जुन्या सोबत्याला अगत्याने विचारावे, ‘त्या प्रवासातले तुला काय आठवते?’ आणि त्याचे उत्तर निवांतपणे ऐकावे.