बॅग चढली, माणूस नाही

विमानतळावरची तपासणी एका अटकळीवर उभी असते: हल्ला करणाऱ्याला स्वतःचा जीव प्यारा आहे की नाही? गेल्या अर्धशतकात बदलत गेलं आहे ते या प्रश्नाचं उत्तर.

सत्तरच्या दशकात ते सोपं वाटे. अपहरणकर्त्याला पैसा, प्रसिद्धी किंवा साथीदारांची सुटका हवी असे. म्हणजे त्याला जगायचं असे. जानेवारी 1971 मध्ये इंडियन एअरलाइन्सचं ‘गंगा’ विमान लाहोरला पळवून नेलं गेलं. प्रवासी सुटले, विमान जाळलं गेलं. शोधायचं ते पिस्तूल. अमेरिकेत 1973 पासून प्रत्येक प्रवासी आणि त्याच्या हातातलं सामान तपासणं सक्तीचं झालं. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानाची तेवढी धास्ती कुणाला नव्हती.

मग 23 जून 1985 आला. त्याआधी व्हँकुव्हरच्या काउंटरवर एका माणसाने, टोरांटोपुढचं आसन पक्कं नसतानाही, आपली बॅग थेट दिल्लीपर्यंत पाठवण्याचा हट्ट धरला आणि तो मान्य झाला. बॅग चढली, माणूस चढला नाही. टोरांटोला एक्स-रे यंत्र बंद पडलं, तेव्हा हातात धरायच्या स्फोटकशोधक यंत्रावर काम भागवलं गेलं. दिल्लीमार्गे मुंबईला यायचं एअर इंडियाचं ‘कनिष्क’ आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं. 329 माणसं गेली. त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर अशाच दुसऱ्या बॅगेने दोन कामगारांचा बळी घेतला.

माणूस नसेल तर त्याची बॅगही जाता कामा नये, एवढा हा धडा होता. भारतात नागरी विमान सुरक्षा विभाग (बीसीएएस) 1987 मध्ये स्वतंत्र झाला. जगभर मात्र बॅग आणि माणूस जुळवण्याचा नियम कागदावर जितका लवकर आला, तितका तो पाळला गेला नाही. कनिष्कच्या मृतांमध्ये बहुसंख्य कॅनडाचे नागरिक होते, तरी त्या देशाने हे दुःख बराच काळ परक्याचंच मानलं. पंतप्रधान हार्पर यांनी कुटुंबीयांची माफी मागितली ती 2010 मध्ये. मला ही गोष्ट आजही सहन होत नाही.

डिसेंबर 1988 मध्ये लॉकरबीवर पॅन ॲमचं विमान फुटलं. जमिनीवरच्या 11 जणांसह 270 ठार झाले. स्कॉटिश न्यायालयाच्या निकालानुसार ती बॅगही प्रवाशाविनाच माल्टाहून फ्रँकफर्टमार्गे आली होती. कनिष्कचा धडा तिथे निष्ठेने पाळला असता, तर ती बॅग जमिनीवरच राहिली असती, असं माझं ठाम मत आहे.

भारतीय विमान कंदाहारला पळवून नेल्याच्या प्रकरणानंतर आपल्याकडे विमानतळ टप्प्याटप्प्याने राज्य पोलिसांकडून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे (सीआयएसएफ) गेले. पण विचाराला मुळापासून हादरा बसला तो 11 सप्टेंबर 2001 ला. बॅग आणि माणूस जुळवण्यामागे, माणूस आपल्याच बॅगेसोबत मरणार नाही, असं गृहीत होतं. त्या दिवशी हल्लेखोर मरायलाच चढले होते. अपहरणकर्त्यांशी वाद घालू नका, विमान उतरू द्या, हेच कर्मचाऱ्यांना शिकवलेलं होतं. त्याच दिवशी पळवलेल्या युनायटेड 93 विमानाच्या प्रवाशांना फोनवरून इतर विमानांचं काय झालं ते कळलं आणि ते झुंजले. तज्ज्ञांना जे उमगायला वर्षं लागतात, ते त्यांना काही मिनिटांत उमगलं होतं.

पुढे कॉकपिटचं दार अभेद्य झालं. मार्च 2015 मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने त्याच दाराआड स्वतःला कोंडून घेतलं, कॅप्टनला बाहेर ठेवलं आणि 150 जणांचा जीव घेतला. एका भीतीवरचा उपाय दुसरीला वाट करून देतो. म्हणून तो अधूनमधून पुन्हा तपासावा लागतो.

बूट, द्रवपदार्थ, बॉडी स्कॅनर असे नियम प्रत्येक कटानंतर तातडीने आले, कारण ते प्रवाशाला दिसतात. सामानघरातली शिस्त दिसत नाही, आणि कनिष्कचा घात तिथेच झाला. म्हणून अशा घातपातांनंतर नेमलेल्या चौकशी आयोगांच्या शिफारशींपैकी किती अमलात आल्या आणि किती रखडल्या, याचा हिशेब सरकारने दरवर्षी संसदेपुढे ठेवलाच पाहिजे.