नाव आणि नावे

‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत एका मात्रेचे अंतर आहे. पहिल्याने मूल ओळखीस येते, दुसऱ्याने माणूस बदनाम होतो. हे अंतर किती निसरडे आहे, याचा विचार आम्हांस ब्रिटनमधील पतंगनिरीक्षकांविषयी वाचताना करावा लागला.

त्या देशात पतंगांच्या अडीच हजारांहून अधिक जाती आहेत. हौशी मंडळी रात्री बागेत दिव्याचा सापळा लावतात आणि त्यातील अंड्यांच्या पुठ्ठ्यांत विसावलेले पतंग सकाळी नोंदवून सोडून देतात. त्यांतील एक करडा-तपकिरी पतंग ‘रस्टिक’ नावाच्या पतंगाशी इतका मिळताजुळता आहे की, त्याचे रूढ नावच ‘अनसर्टन’, म्हणजे ‘अनिश्चित’, असे पडले आहे! ‘कॉमन रस्टिक’ व ‘लेसर कॉमन रस्टिक’ ही जोडी तर केवळ पंखांवरून खात्रीने ओळखता येत नाही. जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागते आणि त्यासाठी बहुधा त्या जिवास मारावे लागते.

नवखा निरीक्षक आपले छायाचित्र जाणत्यांपुढे ठेवतो. पंख झिजलेले असतील, तर जाणता स्पष्ट सांगतो, ‘यावरून ठरविता येणार नाही.’ मग नोंद दोन्ही जातींच्या एकत्रित नावाने होते. २००७ साली तेथे पतंगांची राष्ट्रीय नोंदणी योजना सुरू झाली आणि २०१९ साली मोठ्या पतंगांचा नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. अशा नकाशांचा भरवसा या संयमावरच उभा असतो.

‘ठरविता येत नाही’ हे अज्ञान मानावे की ज्ञान? आमच्या मते ते ज्ञानच होय. कारण पुरावा कोठे संपतो, हे त्या माणसास ठाऊक असते. मात्र यास भित्रेपणाची ढाल करू नये. खुणा स्पष्ट असतील तेथे तोच जाणता निःशंकपणे नाव सांगतो.

आम्हांस हे उशिरा उमगले. काही वर्षांपूर्वी धर्मग्रामातील एका कार्यक्रमात पैसे गहाळ झाले. खोलीतून बाहेर पडणारी एक पाठमोरी आकृती आम्ही पाहिली होती. कोणासही न विचारता आम्ही एका मुलाचे नाव उच्चारले. आठवड्याने पैसे कपाटामागे सापडले. आम्ही त्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली आणि त्याने ती केलीही. परंतु तोवर ते नाव घरोघरी पोहोचले होते. प्रत्येक घरातून ते परत आणणे आम्हांस जमले नाही.

चुकीचे नाव दिल्याने पतंगास काही वाटत नाही, मुलास वाटते. आता कोणी आमच्याकडे दुसऱ्याविषयी तक्रार घेऊन आले, तर आम्ही प्रथम विचारतो, ‘तुम्ही नेमके काय पाहिले?’ पुष्कळदा उत्तर येते, ‘फादर, पाठ पाहिली.’ त्याहून अधिक आम्ही लिहून घेत नाही.