नऊ डोक्यांची उंची आणि स्वतःचं बोट

फॅशनचं रेखाटन शिकणाऱ्याला आधी एक उभी रेघ ओढून तिचे नऊ सारखे भाग करायला सांगतात. पहिल्या भागात डोकं, तिसऱ्याच्या शेवटी कंबर, चौथ्यानंतर नुसते पाय. प्रत्यक्षात माणूस आपल्या डोक्याच्या साधारण साडेसातपट उंच असतो. कागदावर वाढलेलं दीड डोकं बहुतेक पायांतच जातं, म्हणजे कापडाचा घोळ, चुण्या आणि निऱ्यांचा झोक नजरेत भरतो.

सोलापूरच्या नव्या पेठेतल्या टेलरपुढे मात्र साडेसात डोक्यांचाच माणूस येऊन उभा राहतो. छाती, कंबर, शोल्डर, बाही अशी मापं वहीत उतरतात. एक खांदा उतरता असेल, तर मास्तर त्या बाजूची खडूची खूण तेवढी खाली घेतो. पोट सुटलेलं असेल, तर पुढची लांबी वाढवतो. गिऱ्हाईक जसं आहे तसं धरूनच कात्री चालते.

यातला कोणता देह खरा? प्रश्न कपड्यांच्या दुकानातला वाटला, तरी मूर्ती घडवणाऱ्यांनी तो फार पूर्वीच हाताळला आहे.

विष्णुधर्मोत्तर पुराणातलं चित्रसूत्र पुरुषांचे पाच प्रकार सांगतं: हंस, भद्र, मालव्य, रुचक आणि शशक. त्यांची उंची अनुक्रमे 108, 106, 104, 100 आणि 90 अंगुलं. बारा अंगुलांचा एक ताल, म्हणजे हंस नऊ ताल भरतो. नऊचा आकडा दोन्हीकडे दिसला, तरी माप एक नाही. ताल हा चेहऱ्याचा, संपूर्ण डोक्याचा नव्हे. त्यामुळे नवताल मूर्ती फॅशनच्या आकृतीसारखी ताणलेली दिसत नाही. शिवाय इथे साचे पाच आहेत.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत 108, 96 आणि 84 अंगुलांच्या पुरुषांना उत्तम, मध्यम आणि हीन ठरवलं. देहांची अशी प्रतवारी आज खटकते, खटकायलाच हवी. पण त्याच ठिकाणी तो एक अट घालतो: अंगुलं ज्याची त्याच्याच मापाने मोजायची. ही अट सगळं गणित फिरवते. बुटका माणूस स्वतःच्या बोटांनी 108 भरू शकतो आणि ताडमाड माणूस कमी पडू शकतो. दुसऱ्याचं बोट आणून कुणाचा देह मोजता येत नाही.

याच सोलापूर जिल्ह्यात पंढरपूरचा विठोबा उभा आहे. बांधा बसका, पाय जुळलेले, हात कमरेवर. लांब पायांचा डौल तिथे नाही. तरी त्याला रोज पोशाख चढतो, आणि तो त्याच्या अंगावर बसेल असाच असतो. विठोबा अमुक ताल उंच असता तर अधिक सुंदर दिसला असता, असं कुणा वारकऱ्याच्या मनातही येत नाही. मंगळवेढ्याच्या चोखोबांनी वाकड्या उसाचा दाखला देऊन बाह्य रूपाला भुलणाऱ्यांना प्रश्न विचारला, तोही याच देवापुढे.

याचा अर्थ लांबवलेली आकृती पाप आहे, असा नाही. ती कापडाबद्दल बोलते तोवर प्रामाणिक आहे: पदर असा पडेल, घेर असा फुलेल. अन्याय सुरू होतो तो ट्रायल रूममधल्या आरशासमोर. तिथे एखादी मुलगी ड्रेसऐवजी स्वतःच्या मांड्यांना दोष देते. कागदावरच्या आकृतीचं बोट तिच्या देहाला लावलं गेलेलं असतं, आणि ते कुणी लावलं हे तिला ठाऊकही नसतं.

सोलापूर शाळेच्या गणवेशांसाठी ओळखलं जातं. एकाच वर्गातल्या किडकिडीत आणि गुबगुबीत पोरांसाठी तोच शर्ट वेगवेगळ्या मापांत कापणं ही या शहराची रोजची कारागिरी. इथे रेखाटन शिकणाऱ्यांनी नऊ डोक्यांची आकृती जरूर गिरवावी. मात्र त्याच कागदावर, तोच ड्रेस बसक्या बांध्यावर, सुटलेल्या पोटावर, उतरत्या खांद्यावरही काढावा, आणि त्या आकृत्यांच्या रेषेवर पहिलीइतकीच मेहनत घ्यावी.