मधल्या जागेवर

टर्मिनल उघडा, पण लगेच काही टाइप करू नका. कर्सर लुकलुकतोय, त्याला घाई नाही. आज आपण डेबियन असलेल्या संगणकावर स्क्विड बसवणार आहोत. घरातले ब्राउझर आणि बाहेरचं इंटरनेट यांच्या मध्ये बसणारा हा प्रॉक्सी १९९६ पासून हेच काम करतोय. बसवणं एका ओळीचं: 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल स्क्विड'. होऊ द्या ते.

आता त्याची कॉन्फिग फाइल उघडा. हजारो ओळी दिसतील, दडपून जाऊ नका. बहुतेक ओळी हॅशने सुरू होतात. त्या माणसांसाठी आहेत, स्क्विड त्यांच्याकडे बघतही नाही. 'एचटीटीपी_ॲक्सेस'च्या ओळी शोधत सावकाश खाली या. शेवटी लिहिलंय 'डिनाय ऑल'. स्क्विड वरून खाली वाचतो आणि लागू पडणारा पहिला नियम सापडला की तिथेच थांबतो. म्हणून घरच्या, १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांना परवानगी देणारी ओळ 'डिनाय ऑल'च्या वर हवी. खाली लिहिलीत तर ती असून नसल्यासारखी.

या 'डिनाय ऑल'पाशी जरा रेंगाळा. आत कुणाला घ्यायचं ते आपण एकेक करून लिहितो, उरलेल्या जगाला एकाच शब्दात नकार. मला ही रीत उर्मट वाटत नाही. तिथे 'अलाऊ ऑल' लिहिलं आणि पोर्ट बाहेरून उघडं राहिलं, तर कुणा अनोळखी माणसाचे उद्योग तुमच्या पत्त्यावर खपतील.

'स्क्विड -के पार्स' चालवून फाइल तपासा, मग रीलोड करा.

ब्राउझरमध्ये या संगणकाचा पत्ता आणि पोर्ट ३१२८ भरा. 'टेल -एफ' लावून ॲक्सेस लॉग समोर ठेवा आणि एखादं पान उघडा. पान आलं, तरी लॉग कोराच. बघत राहा. साइट एचटीटीपीएसची असेल तर स्क्विड नुसता बोगदा जोडून देतो, आणि त्याची नोंद बोगदा बंद झाल्यावरच पडते. तोवर श्वास येतोय, जातोय. त्यालाही ढवळू नका.

आली बघा ओळ. पहिला आकडा म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. मग लागलेले मिलिसेकंद, विचारणाऱ्याचा पत्ता, 'टीसीपी_टनेल', किती बाइट, आणि साइटचं नाव. पानावर काय वाचलं, कुठला पासवर्ड दिला, यातलं काहीच स्क्विडला कळलेलं नाही.

पण नावही पुष्कळ सांगतं. समजा, रात्री दोन वाजता घरातल्या कुणाच्या तरी फोनवरून हॉस्पिटलची साइट उघडली गेलीय. किंवा नोकऱ्यांची. ही ओळ वाचताना तुमच्या मनात काय उठेल? काळजी, की नुसतीच उत्सुकता? दोन्ही एकाच आवाजात बोलतात. उत्तराची घाई नको; प्रश्न थोडा वेळ तसाच राहू द्या.

मध्ये बसणाऱ्याने टिपून ठेवलंच पाहिजे असं नाही. 'ॲक्सेस_लॉग नन' लिहिलं की स्क्विड तेच काम करत राहतो, फक्त लिहीत नाही. मला विचाराल तर जुळणी नीट होईपर्यंत लॉग असावा, नंतर बंद करावा. ठेवायचाच असेल तर घरच्यांना तसं सांगावं, आणि तेही त्यांच्या फोनमध्ये ३१२८ टाकण्याआधी.

तुमचा निर्णय फाइलमध्ये लिहा आणि स्क्विड रीस्टार्ट करा. चालू जोडण्या पुऱ्या व्हाव्यात म्हणून तो बंद होण्याआधी थांबतो. मुळात ठरलेली मुदत ३० सेकंदांची. तेवढ्यात घरात कुणाला सांगायचं राहिलंय ते आठवा.