कोजागरी: जागे असणे म्हणजे काय?

आश्विन पौर्णिमेच्या मध्यरात्री लक्ष्मी पृथ्वीवर फिरते आणि ‘कोण जागे आहे?’ असे विचारते, या श्रद्धेवर कोजागरीचे व्रत उभे आहे. ‘धर्मसिंधु’सारख्या निबंधग्रंथांत त्या रात्री लक्ष्मी व इंद्र यांची पूजा आणि फाशांच्या खेळाने जागरण सांगितले आहे. आज घरोघरी आटीव मसाला दुधाचा नैवेद्य चंद्राला दाखवतात.

खानदेशात याच रात्री भुलाबाईची सांगता होते. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई-भुलोजी, म्हणजे पार्वती-शंकर, बसवले जातात. साऱ्या खानदेशात मुली महिनाभर घरोघर गाणी म्हणतात आणि झाकलेला खाऊ ओळखायला लावतात.

चंद्राची अशीच एक रात्र जपानमध्येही आहे: चांद्र पंचांगाच्या आठव्या महिन्यातील पंधरावी रात्र चंद्रदर्शनाची. ती बहुधा भाद्रपद पौर्णिमेला येते, कधी कोजागरीलाही. 2025 मध्ये दोन्ही 6 ऑक्टोबरला आल्या. सुसुकी गवताचे तुरे, तांदळाच्या पिठाचे गोळे आणि नव्या हंगामाचे कंद चंद्रापुढे मांडतात. क्योतोच्या ओसावा तळ्यात नावेतून चंद्रबिंब पाहण्याची प्रथा आहे. म्हणजे तिथे माणूस चंद्राकडे पाहतो. कोजागरीत मात्र देवताच माणसाकडे पाहते.

या दोन दृष्टींना जोडणारी कथा बौद्ध जातककथांपैकी ससजातकात आहे. सशाजवळ याचकाला देण्यासारखे गवताखेरीज काही नव्हते, म्हणून त्याने स्वतःचा देह द्यायचे ठरवले. ब्राह्मणाच्या वेषात परीक्षेला आलेल्या शक्रासाठी त्याने अग्नीत उडी घेतली. अग्नीने त्याला जाळले नाही आणि शक्राने त्याची आकृती चंद्रावर रेखली. ही कथा बौद्ध धर्माबरोबर जपानला पोहोचली आणि बाराव्या शतकातील ‘कोंजाकु मोनोगातारी’ या संग्रहात आली. जपानी लोककल्पनेत चंद्रावरचा ससा उखळात भात कुटतो.

शक्र म्हणजे इंद्र, आणि कोजागरीला लक्ष्मीसोबत पूजा त्याचीच. जातकातही देव दाराशी येतो आणि देणाऱ्याला पारखतो. तेव्हा लक्ष्मीचा प्रश्न केवळ झोप टाळण्याविषयी नाही. रात्र तर जुगारीही जागवतो, आणि फाशांचा खेळ या व्रतातच आहे. दाराशी आलेल्याची गरज ज्याला दिसते तो जागा. आश्विनात शेतातले धान्य घरी येऊ लागते आणि संपत्ती हाती असते. ती कोणाकोणापर्यंत पोहोचणार, हे ठरवण्याची वेळही हीच. म्हणून आटवलेले दूध एकट्याने प्यायचे नसते आणि भुलाबाईचा खाऊ वाटल्याशिवाय खेळ पुरा होत नाही.