रंध्याचा तळ

उपदेशक या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात, दहाव्या वचनी, बोथट हत्याराविषयी एक बोध सांगितला आहे. त्याचा भावार्थ असा की, लोखंडास धार लाविली नाही तर माणसास अधिक बळ खर्चावे लागते. शहाणपण मात्र काम सिद्धीस नेते. हा बोध आज आम्ही सुताराच्या रंध्यास लावून पाहू इच्छितो. सुताराचा धंदा आमच्या वाचकांस परका नाही. गावगाड्यातील बलुतेदारांत सुताराचे स्थान किती मोठे होते, आणि नांगर, कुळव व पाभर ही त्याच्याच हातून कशी निघत, हे जुन्या माणसांस चांगले ठाऊक आहे. शिवाय मार्काच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायी, नासरेथच्या लोकांनी आमच्या प्रभूस ज्या नावाने ओळखिले, ते नाव सुताराचेच होय. दुसऱ्या शतकातील जस्टिन मार्टर यांनी तर असे लिहून ठेविले आहे की, प्रभूने नांगर व जोखडे घडविली. तेव्हा या धंद्याकडे कोणी खाली मान घालून पाहण्याचे कारण नाही.

रंधा हे हत्यार फार प्राचीन आहे. इ. स. ७९ मध्ये इटली देशातील पाँपेई नगर ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. ते पुढे खणून काढिले तेव्हा त्यात रंधे सापडले. म्हणजे प्रेषितांच्या काळातच रोमी सुतार रंधा चालवीत होते. तेव्हापासून आजपर्यंत त्याचे मर्म पालटले नाही. सपाट तळाचा एक ठोकळा, त्यात तिरपे बसविलेले पोलादी पाते, पाते घट्ट धरणारी पाचर, आणि पापुद्रा बाहेर पडावा म्हणून ठेविलेले अरुंद तोंड, एवढाच त्याचा संसार.

मुंबईच्या उपनगरांत आज यंत्राचे रंधे घरोघरी गरजतात, आणि पुष्कळसे काम प्लायवूडवर पत्रा चिकटवून होते. तरी तेथेही, अंधेरीच्या उत्तरेस, जोगेश्वरी व ओशिवरा या भागात जुन्या लाकडी सामानाचा मोठा बाजार प्रसिद्ध आहे. पाडलेल्या जुन्या घरांचे सागवान, मोडक्या कपाटांचे शिसव, दारांच्या चौकटी, हे सर्व अशा बाजारात येते. बोरिवली व मुलुंड १९५७ साली मुंबईच्या महापालिकेत आली, आणि जेथे भातखाचरे होती तेथे इमारती उठल्या. त्या इमारतींतील दोन खोल्यांच्या घरातही मनुष्याने मनावर घेतले तर गॅलरीच्या कोपऱ्यात बसून तो आपला रंधा आपण घडवू शकतो. त्याची रीत आम्ही येथे सांगतो. कारण या रीतीत आम्हांसाठी, आणि विशेषेकरून मंडळीत शिकविणाऱ्या बंधूंसाठी, मोठा उपदेश दडलेला आहे.

प्रथम लाकूड. ओले लाकूड कितीही सुरेख दिसले तरी रंध्यास कामाचे नाही. ते वाळताना आखडते व पिळवटते. लाकूड लांबीच्या अंगाने जवळजवळ मुळीच आखडत नाही, पण रुंदीच्या अंगाने पुष्कळ आखडते. म्हणून चौकोनी घडविलेला ओला ठोकळा पुढे चौकोनी राहत नाही. चाळीस पन्नास वर्षे तुळई होऊन राहिलेले जुने लाकूड या कामी उत्तम. त्याने आपले आखडणे कधीच आटोपलेले असते. त्याच्या अंगावर खिळ्यांची भोके असतात, जुन्या रंगाचे डाग असतात. वखारीत कोणी त्याकडे वळूनही पाहत नाही. पण जाणता सुतार त्यासच उचलतो. प्रिय वाचकहो, ज्यांस जगाने टाकून दिले होते अशांतूनच देवाने आपली मंडळी उभी केली, हे आपण विसरू नये.

आता घडण. सुमारे दहा इंच लांब व तीन इंच रुंद असा ठोकळा घ्यावा. जुने कारागीर पटाशीने तो पोखरून पात्यासाठी घर करीत. ते काम अवघड. त्याहून सोपी एक रीत जेम्स क्रेनॉव्ह या कारागिराने आपल्या ग्रंथांतून पुष्कळांस शिकविली. ते १९२० साली सैबेरियात जन्मले, पुढे अमेरिकेत सुतारकामाचे गुरु झाले, आणि २००९ साली निवर्तले. ती रीत अशी: ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या करवतीने कापून निराळ्या कराव्या, मधल्या भागाचे दोन तुकडे करावे, मागच्या तुकड्यास पंचेचाळीस अंशांचा उतार द्यावा, म्हणजे त्यावर पाते टेकेल, पुढच्या तुकड्यास पापुद्रा वर चढण्याजोगा उतार द्यावा, आणि मग दोन्ही फळ्या सरसाने पुन्हा आपापल्या जागी बसवाव्या. पात्याच्या वर एक आडवी दांडी ठेवावी, आणि दांडी व पाते यांच्यामध्ये पाचर ठोकावी. तोंड आरंभी अगदी बारीक ठेवावे व कानशीने हळूहळू उघडावे. पाते त्यातून जेमतेम डोकावले, आणि पापुद्र्यापुरती अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फट राहिली, म्हणजे पुरे. रुंद तोंडाचा रंधा लाकडाचे तंतू कापण्यापूर्वीच उचकटून काढितो. अरुंद तोंडाचा रंधा तंतूस अगदी कडेपर्यंत दाबून धरितो व मग कापितो. ज्याचे तोंड आवरलेले नाही, त्याच्या हातून काम कमी व ओरखडे फार, हे आम्ही निराळे सांगावयास नको.

इतके झाले म्हणजे रंधा तयार झाला असे नवशिक्यास वाटते. परंतु खरे काम येथूनच सुरू होते, आणि ते काम तळाचे.

तळ मध्ये खोल असला तर काय होते ते पाहा. रंधा पुढच्या व मागच्या टोकांवर टेकतो, आणि मधले पाते लाकडापासून उचललेले राहते. सुतार रंधा ढकलतो, पण पापुद्रा निघत नाही. मग तो काय करितो? तळाची परीक्षा करण्याऐवजी पाते आणखी बाहेर काढितो. आता पाते लाकडास लागते खरे, पण जाड घास घेते, अडखळते, लाकूड फाडिते. दोष तळाचा, आणि त्यावर उपाय म्हणून पुढे सरसावली ती धार! बंधुजनहो, आमच्यातील कित्येकांची हीच गत नाही काय? जीवन उपदेशास टेकत नाही, म्हणून आम्ही जीभ लांब करितो. घरात शांती नाही, म्हणून मंडळीत आवाज चढवितो. लोक फाटतात, आणि लाकूडच वाईट होते असे आम्ही म्हणतो.

तळाचा दोष रंध्यास आपणहून कळत नाही, हे दुसरे सत्य होय. वाकडा रंधा ज्या फळीवरून जातो तिला आपला वाकडेपणा देतो, आणि पुढे त्याच फळीवर टेकून पाहिले तर दोघे एकमेकांशी तंतोतंत जुळतात! यासाठी बाहेरचे प्रमाण हवे. जाड काचेचा तुकडा सपाट जागी ठेवावा, त्यावर पॉलिशपेपर पसरावा, तळावर शिसपेन्सिलीने आडव्या रेघा ओढाव्या, आणि तळ त्यावर घासावा. ज्या रेघा पुसल्या त्या जागा उंच. ज्या राहिल्या त्या खोल. शेवटची रेघ पुसली जाईपर्यंत हात थांबवू नये. निदान तीन ठिकाणे एका पातळीत आलीच पाहिजेत: पुढचे टोक, तोंडाच्या लगतची पुढची कड, आणि मागचे टोक. मग दोन फळ्यांच्या कडा रंधून एकीवर एक उभ्या ठेवाव्या व उजेडाकडे धरून पाहाव्या. रंध्याने प्रत्येक कडेत केसाएवढी खोली ठेविली असेल, तर दोहोंमध्ये फट दुप्पट दिसेल. उपदेशकाचा दोषही असाच असतो. त्याच्या एकट्यात तो केसाएवढा असतो, पण त्याने घडविलेली दोन माणसे एकत्र आणिली म्हणजे त्यांच्यामधून उजेड दिसतो.

आणि येथे एक गोष्ट आहे, जी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. तळ घासताना पाते व पाचर काढून ठेवू नये. पाते किंचित आत सरकवून, पाचर कामाच्या वेळी ठोकतो तितकीच घट्ट ठोकून, मग तळ घासावा. कारण पाचरीच्या ताणाने ठोकळ्यास सूक्ष्म बाक येतो. मोकळ्या रंध्याचा तळ काचेवर अगदी सपाट ठरेल, पण पाचर ठोकताच तो सपाट राहणार नाही. तसेच, प्रार्थनेच्या वेळी, सणाच्या दिवशी, कोणाशी काही देणेघेणे नसताना, आपण सर्व सपाटच असतो. भाऊबंदकीत बांधाचा वाद निघाला, सावकाराचा तगादा आला, घरात दुखणे शिरले, म्हणजे पाचर बसली. त्या ताणाखाली आपला तळ कसा आहे, हेच पाहिले पाहिजे. जो बंधू दुसऱ्यांचा तंटा मिटविण्यास जाणार आहे, त्याने आपली परीक्षा निवांत दिवशी नव्हे, तर अशा दिवशी करावी.

पात्याविषयी थोडके सांगतो. त्याची सपाट पाठ प्रथम निसण्यावर साफ करावी, कारण धार म्हणजे दोन बाजूंचा मिलाफ; एकच बाजू घासून धार येत नाही. मग उतरत्या बाजूस सुमारे पंचवीस ते तीस अंशांचा कोन देऊन ती घासावी, आणि कडेस उठलेली बारीक कोर हलकेच काढून टाकावी. रंध्यात पाते बसविल्यावर त्यास स्क्रू नाही. पात्याच्या डोक्यावर हलका टोला मारिला तर ते पुढे येते, ठोकळ्याच्या मागच्या अंगावर मारिला तर मागे जाते. मोठ्या घावाने काहीच साधत नाही. लक्षात ठेवा की, सागवानासारख्या उत्तम लाकडातही वाळूच्या जातीचे बारीक कण असतात, आणि तेच धार लवकर बोथट करितात. चांगले काम करणाऱ्याचीच धार अधिक झिजते. त्यात लाज नाही. लाज आहे ती न लावण्यात.

शेवटी पावसाळा. मुंबईच्या उपनगरांत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ती ओल जुन्या लाकडातही शिरते. वैशाखात जुळविलेला तळ आषाढात फुगलेला आढळतो, आणि दिवाळीनंतर पुन्हा बैठक घेतो. म्हणून शहाणा सुतार ऋतु पालटला की काच व पेन्सिल पुन्हा हाती घेतो. त्यास तो रंध्याचा अपराध समजत नाही, व रंधा चुलीत घालीत नाही. दर घासणीबरोबर तळ थोडा झिजतो व तोंड थोडे रुंद होते, हे खरे. तेव्हा तोंडाजवळ कठीण लाकडाची नवी चकती बसविता येते, आणि जुना रंधा पुन्हा बारीक पापुद्रा काढू लागतो. एकदा सरळ केले म्हणजे कायमचे झाले, असे या जगातील कोणत्याही तळाविषयी म्हणता येत नाही. एखादा बंधू ओलीत वाकला, तर त्यास टाकून देण्यापूर्वी मंडळीने हे आठवावे.

तर प्रिय बंधुभगिनींनो, ज्यांस साधेल त्यांनी आपल्या मुलांस जुन्या तुळईचा एक तुकडा व दोन इंची पाते आणून द्यावे, आणि हे काम करू द्यावे. आपल्या हाताने केलेले हत्यार ज्याच्याजवळ आहे, तो दुसऱ्याच्या दारी उभा राहत नाही, आणि कष्टाच्या कामास हलके म्हणत नाही. आणि ज्यांच्या हाती रंधा नाही, पण माणसे घडविण्याचे काम आहे, त्यांनी पुढच्या रविवारी बोलावयास उभे राहण्यापूर्वी आपल्या तळावर रेघा ओढून पाहाव्या. कोणत्या पुसल्या व कोणत्या राहिल्या, हे तो नासरेथचा सुतार जाणतो. आणि त्याचा हात हलका आहे.